मुलांच्या सॉफ्टबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करताना चेहऱ्याचा मास्क सक्तीचा असावा का?

निळी_टोपी (धागाकर्ती)

बारा वर्षांखालील मुलींच्या संघाला सरावात मदत करणारी मी एक पालक आहे. नव्या हंगामाआधी आम्हाला एक निर्णय घ्यायचा आहे, आणि तो घेण्यापूर्वी येथील जाणकारांची मते सविस्तर वाचायला मिळावीत म्हणून हा धागा काढत आहे.

बॅटिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हेल्मेटला पुढे जाळी असते. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) तर मास्क, गळ्याचे संरक्षण, छातीचे पॅड आणि पायांचे गार्ड घालूनच बसते. मात्र या दोघींच्या समोर, अगदी जवळ उभी असलेली पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारी) उघड्या चेहऱ्याने खेळते. या वयोगटात पिचिंग प्लेट (पिचर जिथून चेंडू टाकते ती पट्टी) होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, ४० फुटांवर, म्हणजे सुमारे १२.२ मीटरवर असते. पण पिच टाकताना पिचर लांब पाऊल टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी ती साधारण साडेदहा मीटरवरच असते. बॅटवरून सरळ परतणाऱ्या चेंडूचा वेग ताशी ९० किलोमीटर धरला, तर तो तिच्यापर्यंत सुमारे ०.४२ सेकंदात पोहोचतो. वेग ११० धरला, तर ०.३४ सेकंदात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीराची हालचाल नुसती सुरू होण्यासच माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे ग्लोव्ह कमरेपासून चेहऱ्यापर्यंत आणायला पिचरच्या हाती उरतो तो सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ, आणि तोही ती एका पायावर तोल सावरत असताना.

माझे मत असे आहे की मास्क कोणी घालायचा हे वय, कौशल्य किंवा धीटपणा यांवरून ठरवू नये. चेंडू जिथून फटकावला जातो तिथून ती मुलगी किती अंतरावर उभी आहे, यावरून ठरवावे. त्या हिशेबाने पिचर, पहिला बेस आणि तिसरा बेस (बेस म्हणजे बॅटरने धावताना गाठायचे टप्पे) या तीन जागांवर मास्कशिवाय कोणीही उभे राहू नये, आणि हा नियम सामन्याइतकाच सरावालाही लागू असावा. संघातील काही पालकांना हे अति वाटते, तर काहींना सर्वच मुलींना सक्ती हवी आहे. आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही लिहावेत, ही विनंती.

मैदानावरचा

मी अनेक वर्षे मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. मास्कला माझा विरोध नाही, पण सक्तीबद्दल माझे काही आक्षेप आहेत आणि ते मी स्पष्टपणे मांडतो.

पहिला आक्षेप दृष्टीचा. बहुतेक मास्कची खालची पट्टी नेमकी अशा ठिकाणी येते की पायांजवळ आलेला घसरता चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. ज्या मुलीला अजून गुडघे वाकवून, ग्लोव्ह जमिनीला टेकवून चेंडू अडवण्याची सवय लागलेली नाही, तिला मास्कमुळे मान अधिक खाली घालावी लागते आणि तिचा पवित्रा बिघडतो. दुसरा आक्षेप विश्वासाचा. मास्क आहे म्हणून मुले ग्लोव्ह वर आणण्याचा कंटाळा करतात, चेंडूसमोर निष्काळजीपणे उभी राहतात, असे मला दिसले आहे. पिचरला पिच टाकल्यानंतर लगेच दोन्ही पायांवर येऊन ग्लोव्ह छातीसमोर धरण्याचे शिक्षण आधी द्यावे, आणि मास्क त्यानंतर यावा, असे मला वाटते.

पिचरच्या बाबतीत मात्र मी धागाकर्तीशी सहमत आहे. ती जागा वेगळीच आहे.

तिसरा_बेस

मी शालेय वयापासून तिसऱ्या बेसवर खेळत आले, म्हणून त्या जागेबद्दलच लिहिते. कारण बाहेरून पाहणाऱ्याला तिचा धोका सहसा कळत नाही.

बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर असते, आणि त्यामुळे तिसऱ्या बेसवरची खेळाडू पिचरपेक्षा बरीच सुरक्षित आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती बेसवर उभीच नसते. सॉफ्टबॉलमध्ये बंट (बॅट आडवी धरून चेंडू हळूच जवळ पाडणे) हे मोठे अस्त्र आहे, म्हणून ती सुरुवातीपासूनच बेसच्या पुढे उभी राहते. बॅटरने बॅट आडवी धरली की ती आणि पहिल्या बेसवरची खेळाडू दोघी होम प्लेटच्या दिशेने धावत सुटतात. चांगली बॅटर याचाच फायदा घेते: बंटचा पवित्रा दाखवते, इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या खेळाडूंना, आत ओढते, शेवटच्या क्षणी बॅट मागे घेते आणि जोरात फटका मारते. त्या वेळी आमच्यातले अंतर आठ मीटर उरलेले असू शकते. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू ते अंतर ०.३२ सेकंदात कापतो, आणि पिचर निदान एका जागी असते, तर इथे खेळाडू स्वतः चेंडूच्या दिशेने धावत असते, वाकलेली असते आणि तिचे हात खाली बंट उचलायला गेलेले असतात.

'मैदानावरचा' यांनी निष्काळजीपणाचा मुद्दा मांडला आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्या मुलीला एकदा चेंडू तोंडावर लागला आहे, किंवा जिने मैत्रिणीला लागताना पाहिले आहे, ती पुढच्या जोरदार चेंडूला नकळत मान फिरवते. मान फिरवली की डोळे चेंडूवरून हटतात, ग्लोव्ह चुकतो, आणि चेहऱ्याऐवजी कानशील चेंडूसमोर येते. ही सवय मोडायला प्रशिक्षकांना फार कष्ट पडतात. मास्क घातलेली मुलगी शेवटपर्यंत चेंडूकडे पाहत राहते. आधी तंत्र आणि मग मास्क हा क्रम म्हणूनच मला पटत नाही. भीती गेल्याशिवाय तंत्र अंगात मुरत नाही.

मैदानावरचा

मान फिरवण्याचा मुद्दा मला मान्य आहे. तो दोष मी रोज पाहतो आणि ओरडून तो जात नाही, हेही खरे आहे. दृष्टीचा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही.

पंचाची_जागा

नियमांविषयी थोडे. अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलमध्ये बॅटर आणि बेसवर धावणाऱ्या खेळाडू यांच्या हेल्मेटला चेहऱ्याची जाळी असणे २००६ पासून सक्तीचे झाले. क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूंना मात्र तेथील राष्ट्रीय शालेय नियमांनी मास्कची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. त्यामुळे जिथे वरून सक्ती नाही तिथे एखाद्या संघाने स्वतःच्या खेळाडूंसाठी तो नियम केला, तर त्यात नियमभंग काहीच नाही. पंच म्हणून मी कोणालाही मास्क उतरवायला सांगणार नाही. त्याच नियमांत डोळ्यांसमोरील ढाल पूर्ण पारदर्शक असावी अशी अट आहे, म्हणजे गडद रंगाची ढाल चालत नाही. याचे कारण साधे आहे. जखमी किंवा बेशुद्ध होत असलेल्या खेळाडूचे डोळे बाहेरून दिसले पाहिजेत.

हेल्मेटविषयी एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. क्रीडा-हेल्मेटसाठी मानके ठरवणाऱ्या 'नॉक्सी' या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार प्रमाणित झालेल्या हेल्मेटला घरी भोके पाडून दुसऱ्याच कंपनीची जाळी बसवली, तर ते प्रमाणपत्र निरर्थक ठरते. निर्मात्याने ज्या जाळीसाठी ते हेल्मेट तपासून घेतले आहे, तीच जाळी लावावी. अशी घरगुती जोडणी दिसली की मी ते हेल्मेट खेळात येऊ देत नाही, आणि त्यावरून पालकांची नाराजी मला अनेकदा सोसावी लागली आहे.

नेत्रवैद्य

मी डोळ्यांची शल्यचिकित्सक आहे आणि माझी मुलगीही खेळते, म्हणून हा धागा बारकाईने वाचला. काही वैद्यकीय बाबी नोंदवते.

बारा इंची परिघाच्या चेंडूचे वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. लहान वयोगटात वापरला जाणारा अकरा इंची चेंडू थोडा हलका असतो, तरीही तो बेसबॉलपेक्षा जड असतो. चेंडू आकाराने मोठा असल्यामुळे डोळ्याच्या खोबणीत शिरत नाही आणि म्हणून डोळा सुरक्षित राहतो, असे मी अनेक पालकांकडून ऐकले आहे. हे अर्धसत्य आहे. खोबणीची कड बराच आघात झेलते हे खरे, पण चेंडूचा फुगवटा आत दाबला जातो, आणि खोबणीतला दाब एकाएकी वाढून तिचा तळ फुटू शकतो. तो तळ एक मिलिमीटरपेक्षाही पातळ हाडाचा असतो.

मुलांच्या बाबतीत एक फसवा प्रकार मला विशेष काळजीचा वाटतो. त्यांची हाडे लवचीक असल्यामुळे तळाचे हाड झडपेसारखे उघडून पुन्हा मिटते आणि डोळा हलवणारा स्नायू त्यात अडकतो. बाहेरून सूज किंवा काळेनिळेपण फारसे दिसत नाही, डोळा पांढराशुभ्र असतो, आणि मूल मात्र मळमळते, उलटी करते, वर पाहा म्हटले की त्याला एकाच डोळ्याने वर पाहता येत नाही किंवा सगळे दोन-दोन दिसते. उलटीमुळे अनेकदा केवळ मेंदूच्या दुखापतीचाच विचार होतो आणि डोळा तपासायचा राहून जातो. अडकलेला स्नायू लवकर सोडवला नाही तर तो कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बुबुळाच्या पुढच्या भागात रक्त साचलेले दिसले, तर तीही तातडीची बाब आहे. काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा आणि पुढे काचबिंदू होण्याचा धोका असतो. मार लागलेल्या डोळ्यावर दाब देऊ नये, तो चोळू नये, आणि खोबणीचे हाड मोडल्याची शंका असेल तर मुलाला नाक शिंकरू देऊ नये, कारण नाकातील हवा खोबणीत शिरते.

नाकाचे हाड चेहऱ्यावरील इतर हाडांच्या मानाने सर्वांत कमी आघाताने मोडते. दातांबद्दलही सांगते. कायमचा दात मुळासकट निघून पडला तर तो मुळाला हात न लावता, दिसणाऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुचकळावा, शक्य असल्यास लगेच जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे जावे. यात अर्ध्या-पाऊण तासाला फार महत्त्व आहे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याखालच्या कायमच्या दाताला इजा होते.

मास्क यांपैकी बहुतेक दुखापती टाळतो, पण तो हेल्मेट नव्हे. कपाळाचा वरचा भाग, कानशील आणि डोक्याची मागची बाजू उघडीच राहते, आणि मेंदूला बसणारा हिसकाही तो थांबवत नाही. मास्कवर जोराचा चेंडू आदळल्यानंतर मुलीला गरगरले, गोंधळल्यासारखे झाले, डोके दुखले किंवा उजेड सोसेना, तर चेहऱ्यावर ओरखडाही नसला तरी तिला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये.

चष्मेवाली

माझ्या मुलीला चष्मा आहे, म्हणून विचारते. मास्कच्या आत नेहमीचा चष्मा चालेल का? तिला बाहेरची जाळी चष्म्यावर टेकते आणि घामाने काचा धूसर होतात.

नेत्रवैद्य

नेहमीचा चष्मा मास्कच्या आतही नको. मास्क चेहऱ्याकडे दाबला गेला, तर साध्या काचेचे तुकडे आणि धातूची फ्रेम थेट डोळ्यापाशी असतात. खेळासाठी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचे, पट्ट्याने डोक्याला बसणारे चष्मे मिळतात. त्यात नंबर घालून घ्यावा आणि 'एएसटीएम एफ ८०३' या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे. चष्मा आणि जाळी यांच्यात मोकळी जागा राहिलीच पाहिजे. धूसरपणासाठी पारदर्शक ढालीऐवजी तारांच्या जाळीचा मास्क घ्यावा, त्यातून हवा खेळती राहते.

साहित्याची_पिशवी

संघाचे साहित्य सांभाळण्याचे काम माझ्याकडे असते. 'मैदानावरचा' यांच्या दृष्टीच्या आक्षेपाचे मूळ बऱ्याचदा चुकीच्या मापात असते, असे मला सुचवावेसे वाटते. मोठ्यांच्या मापाचा मास्क लहान चेहऱ्यावर खाली घसरतो आणि डोळ्यांची फट गालांवर येते, मग पट्टी नेमकी नजरेच्या आड येणारच.

मी मास्क असा तपासतो. मुलीला मान न हलवता स्वतःच्या बुटांचे टोक पाहायला सांगतो. ते दिसले नाही तर मास्क बदलतो. मग तळहाताने जाळी समोरून चेहऱ्याकडे घट्ट दाबतो. कपाळ आणि हनुवटी यांवरचे पॅड दाब घेतात आणि नाक, गाल, ओठ यांना काहीच टेकत नाही, असे झाले पाहिजे. त्यानंतर तिला जोरात मान हलवायला आणि धावायला लावतो. केस उंच बांधलेले असतील तर मागचा पट्टा सरकतो, म्हणून वेणी किंवा शेपटी पट्ट्याच्या खाली बांधायची. टोपीची कड कपाळाच्या पॅडखाली अडकली तर मास्क पुढे झुकतो, हेही पाहावे लागते. हनुवटीचा पॅड गळ्याकडे सरकू देऊ नये.

तारांचे मास्क टिकाऊ असतात, पण जोडाजवळ गंज किंवा चीर दिसली की ते बाद करावेत. पॉलिकार्बोनेटच्या मास्कमध्ये बारीक पांढऱ्या रेषा उमटल्या की तो आतून तडकू लागला आहे असे समजावे. तो रसायनाने पुसू नये, साधा साबण आणि पाणी पुरे. जाळी वाकली असेल तर ती हाताने सरळ करून पुन्हा वापरण्याचा मोह कृपया टाळावा.

शॉर्टस्टॉप_१५

मी पंधरा वर्षांची आहे आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळते. इथे सगळी मोठी माणसे बोलत आहेत, म्हणून आमच्या बाजूने लिहिते. आमच्या संघात मास्क ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे कोणीच घालत नाही, कारण जी घालते ती घाबरते असा अर्थ निघतो. मला घालायचा होता आणि मी घातला नाही. आमच्या पिचरलाही घालायचा असतो, हे तिने मला एकटीला सांगितले आहे. प्रशिक्षकांनी सगळ्यांना सांगितले असते, तर आम्हा दोघींना बरे वाटले असते. मला मास्कची लाज वाटत नाही, लाज वाटते ती एकटीने घालण्याची.

तिसरा_बेस

या मुलीने जे लिहिले ते आपण सर्वांनी पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे. चेहरा झाकणाऱ्याला भित्रा म्हणण्याची ही रीत जुनी आहे. बेसबॉलच्या कॅचरसाठी हार्वर्डच्या फ्रेड थेअर यांनी तलवारबाजीच्या मुखवट्यावरून मास्क तयार केला आणि १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा तो घालणाऱ्यांची टर उडवली गेली. आइस हॉकीत माँट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लान्ट याच्या चेहऱ्यावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी पक (त्या खेळाची कडक रबरी चकती) लागला आणि टाके घातल्यानंतर मास्कशिवाय खेळायला त्याने नकार दिला. त्याच्या प्रशिक्षकांना मास्क नजरेला अडथळा करील अशी शंका होती. मास्क घालूनही संघ जिंकत राहिला आणि हळूहळू सर्वच गोलरक्षकांनी तो स्वीकारला. आज मास्कशिवाय बसलेल्या कॅचरला कोणीही शूर म्हणत नाही, तर तिला तसे बसू देणाऱ्या प्रशिक्षकाला जाब विचारतात.

मैदानावरचा

'शॉर्टस्टॉप_१५' हिचे लिहिणे वाचून मी माझ्या भूमिकेचा पुन्हा विचार केला. मुलीवर निवड सोपवली की आपण तिच्यावर दोन ओझी टाकतो, एक चेंडूचे आणि दुसरे मैत्रिणींच्या नजरेचे. दुसरे ओझे तरी प्रशिक्षकाने उचलावे. मी तीन जागांसाठी सक्तीच्या बाजूने आहे.

मात्र मास्क सामन्याच्या दिवशी प्रथमच देऊ नये. हंगामापूर्वीच्या सरावात सुरुवातीला मऊ चेंडू हाताने घरंगळत सोडावेत, मुलींनी मास्क घालून ते दोन्ही बाजूंना आणि थेट पायांजवळ अडवावेत, मग उसळते चेंडू, मग उंच उडालेले चेंडू, आणि शेवटी बॅटवरून मारलेले. उंच चेंडूखाली मास्कची वरची पट्टी नजरेत येते, त्यामुळे हनुवटी किती उचलायची याचा अंदाज मुलींना सरावानेच येतो. पिचरने पिच टाकल्यावर ग्लोव्ह वर आणण्याचा आग्रह मास्क असतानाही तितकाच कायम ठेवावा. तो आग्रह सुटला तर दोष प्रशिक्षकाचा.

साहित्याची_पिशवी

सरावाबद्दल आणखी एक. सामन्यात मैदानावर एकच चेंडू असतो. सरावात एकाच वेळी चार-पाच चेंडू हवेत असतात, कोणी पहिल्या बेसकडे फेकत असते, कोणी प्रशिक्षकाला चेंडू परत देत असते, आणि पाणी प्यायला निघालेली मुलगी पाठमोरी असते. म्हणून सरावात मास्क शिथिल करण्याची कल्पना मला उलटी वाटते. आणि खडे असलेल्या किंवा गवताच्या कडेला उंचवटा असलेल्या मैदानावर साधा हळू चेंडूही ऐनवेळी उसळून तोंडावर येतो. अशा मैदानावर संपूर्ण इनफिल्डला मास्क द्यावा.

निळी_टोपी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून आमच्या प्रशिक्षकांशी सविस्तर बोलणे झाले, आणि पुढील गोष्टी ठरल्या. पिचर, पहिला बेस आणि तिसरा बेस येथे सराव आणि सामना दोन्हींत मास्क सक्तीचा राहील. शॉर्टस्टॉप आणि दुसरा बेस यांचा निर्णय मैदान पाहून प्रशिक्षक घेतील, आणि घेतील तेव्हा तो दोघींसाठी सारखाच असेल. एखाद्या मुलीला वेगळे काढून मास्क घालायला सांगितले जाणार नाही. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसपलीकडच्या दूरच्या भागात, सक्ती नाही, पण मास्क घालणाऱ्या मुलीला कोणी काही बोलले तर ते प्रशिक्षक तिथेच थांबवतील.

मास्क संघाच्या पिशवीतून दिले जातील, म्हणजे ज्या घराला वेगळा मास्क घेणे परवडत नाही तिथल्या मुलीची जागा त्यामुळे बदलावी लागणार नाही. लहान आणि मध्यम अशी दोन्ही मापे ठेवू, आणि प्रत्येक मुलीची बुटांच्या टोकाची व तळहाताची चाचणी हंगामाच्या सुरुवातीलाच घेऊ. 'नेत्रवैद्य' यांनी सांगितलेली लक्षणे मी एका कागदावर लिहून प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवत आहे, विशेषतः पांढऱ्या डोळ्याची आणि उलटीची.

एक शंका उरली आहे. एखाद्या सामन्यात पिचरचा मास्क चेंडू लागून वाकला आणि तिच्या मापाचा दुसरा मास्क पिशवीत नसला, तर काय करावे?

पंचाची_जागा

पिचर बदलावी. त्यासाठी वेळ मागून घ्यावा, पंच तो देतात. आणि पिशवीत प्रत्येक मापाचा एक मास्क जास्तीचा ठेवावा.

मैदानावरचा

सहमत आहे. यासाठीच प्रत्येक सरावात दुसऱ्या पिचरलाही मास्क घालून पिच टाकायला लावावे.